दाबले की सुटते

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्याबरोबर प्रवास करावा, असे जुनी माणसे सांगत. मला त्यात थोडी भर घालावीशी वाटते. त्या प्रवासात मोटार बिघडावी. चालत्या मोटारीत सगळेच सज्जन असतात. ती बंद पडली म्हणजे मात्र मनुष्यजातीचे वर्ग ताबडतोब निरनिराळे दिसू लागतात. काहींना 'आता कसे व्हायचे?' हा प्रश्न पडतो. बहुसंख्यांना 'हे कुणामुळे झाले?' हा पडतो. 'नेमके काय झाले आहे?' असे विचारणारा तिसरा वर्ग अगदी लहान. या वर्गातल्या माणसाच्या हाताला बहुधा ग्रीस लागलेले असते.

मोटारीच्या सगळ्या भागांत 'कुणामुळे?' हा प्रश्न विचारायला अत्यंत सोयीचा भाग म्हणजे क्लच. टायर पंक्चर झाले तर खिळा दिसतो. दिवा गेला तर अंधार दिसतो. क्लच कोणाला दिसत नाही. तो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पडदानशीन स्त्रीसारखा बसलेला असतो, आणि त्याचे दुखणे प्रकट होते ते गाडी चालवणाऱ्याच्या पायातून. त्यामुळे दोष क्लचचा की पायाचा, याचा निवाडा करणे कठीण होते. आमच्या घरी हा खटला चांगले दोन महिने चालला. त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते आमचे अण्णा, वय वर्षे ७६.

खटल्याकडे वळण्यापूर्वी वाचकांना मुद्देमालाची ओळख करून दिली पाहिजे. अण्णांकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे. हिच्या घराण्याचा इतिहास सगळ्या मध्यमवर्गाच्या घराण्यांना ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी या जातीची पहिली गाडी दिल्लीत गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत कितीतरी मास्तरांनी, कारकुनांनी आणि बँकेतल्या रोखपालांनी आयुष्यातली पहिली मोटार म्हणून हिलाच हार घातला. तीन सिलिंडरचे ७९६ घनसेंटिमीटरचे चिमुकले इंजिन, पण कुरकुर न करता चार माणसे आणि एक आंब्याची पेटी वाहणारे. अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि पतपेढीचे कर्ज यांच्या संगमावर ही गाडी आमच्या दारात अवतरली. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि पुढे दर ५ वर्षांनी तिची तपासणी करून नोंदणी नवी करावी लागते. आमच्या गाडीने २०१३, २०१८ आणि २०२३ अशा तिन्ही परीक्षा पहिल्याच खेपेला पार पाडल्या. हे मी अध्यापकाच्या अभिमानाने सांगतो.

आम्ही राहतो जांब्याला. मुळशी तालुक्यातले हे गाव पूर्वी भातखाचरांचे आणि उसाच्या फडांचे. आता एका बाजूने हिंजवडीची संगणकनगरी आणि दुसऱ्या बाजूने पुनावळ्याच्या उंच इमारती त्याच्याकडे सरकत आल्या आहेत. सकाळ-संध्याकाळ या सगळ्या रस्त्यांवर मोटारींची मुंग्यांसारखी रांग लागते. हिवाळ्यात कासारसाईचा साखर कारखाना सुरू झाला म्हणजे या रांगेत उसाने भरलेले ट्रॅक्टरही येऊन मिळतात. पुढची गाडी चार हात सरकते. आपण चार हात सरकतो. अशा रस्त्यावर मोटार चालवत नाहीत, क्लच चालवतात.

अण्णांचे कामावर जाण्याचे दिवस संपले आहेत, पण एक नेम सुटलेला नाही. दर एकादशीला ते आईला गाडीत बसवून देहूला नेतात. आईचे गुडघे बसमध्ये चढण्याजोगे राहिलेले नाहीत. इंद्रायणीच्या घाटावर दोघे तासभर बसतात, येताना कुठेतरी चहा घेतात आणि घरी येतात. आम्ही बरोबर येऊ का असे विचारले तर आई म्हणते, "गाडीत जागा नाही." मागची सारी बैठक रिकामी असते. पन्नास वर्षांच्या संसारात ज्यांना स्वतःचे म्हणून काही मागता आले नाही, त्यांनी महिन्यातून दोन वेळा घेतलेली ही रजा आहे, हे आमच्या ध्यानात आलेले आहे.

या रजेवरच गदा आली. पावसाळा सरत असताना गाडी गचके मारू लागली. चढावर निघताना ती एकदम उडी घेई आणि बंद पडे. मागून भोंग्यांचा गजर सुरू होई. एकदा पुनावळ्याच्या बाजूला भुयारी मार्गाच्या चढावर ती तीन वेळा बंद पडली आणि एका तरुणाने उतरून, "आजोबा, आता घरी बसा," असा सल्ला दिला. घरी आल्यावर अण्णांचा डावा गुडघा सुजला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त गाडीची किल्ली नेहमीच्या खिळ्याला न अडकवता कपाटात ठेवली.

मग खटला उभा राहिला. ठाण्याच्या ताईने दूरध्वनीवरून निकाल दिला: "अण्णांचे पाय थरथरतात, त्यांना क्लच झेपत नाही. गाडी विका." आमचे चिरंजीव सतरा वर्षांचे, त्यांनी विजेवर चालणाऱ्या मोटारींना क्लचच नसतो असे सांगून त्या निकालाला शास्त्रीय आधार पुरवला. शहरातल्या एका कार्यशाळेत गाडी दाखवली. तेथील टापटिपीच्या गणवेशातल्या गृहस्थांनी गाडीचे साल पाहिले, आणि झाकणही न उघडता, अख्खा क्लच बदलावा लागेल असे सांगून एक आकडा लिहून दिला. तो पाहून सौ. म्हणाली, "एवढ्या पैशात गाडीला सोन्याचा नाही तरी चांदीचा क्लच यायला हरकत नव्हती."

अण्णांना गाडी सोडा असे सांगण्याचे काम माझ्याकडे सोपवण्यात आले. मी थोडी मुदत मागून घेतली. भाषेचा शिक्षक असल्यामुळे एक खोड मला जडलेली आहे. वाक्याचा अर्थ लागला नाही तर मी आधी वाक्य पुन्हा वाचतो. लेखकाला मूर्ख ठरवणे हे त्यानंतरचे काम. आणि या वाक्यातला एक शब्द आईने मला दाखवून दिला. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "गुडघा डावाच कसा रे सुजतो? वय काय एकाच पायाचं झालंय? आणि देवळाच्या पायऱ्या चढताना त्यांना काही होत नाही. होतं ते गाडीतून उतरल्यावर."

मोटारीत डाव्या पायाला एकच काम असते. क्लच दाबणे.

आमच्या रस्त्याला पत्र्याच्या आडोशाला एक गॅरेज आहे. मालक लातूर जिल्ह्यातून आलेला तिशी-पस्तिशीचा मिस्त्री. त्याच्याकडे फलक नाही, संगणक नाही, गणवेश नाही. एक खड्डा आहे, दोन जॅक आहेत आणि कान आहेत. मी गाडी त्याच्याकडे नेली. अण्णाही बरोबर आले. आजारी जनावराबरोबर मालक जातो तसे.

मिस्त्रीने गाडीला हात लावण्याआधी अण्णांनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. "काका, पेडल एकदम जड झालं का हळूहळू होत गेलं?" हळूहळू. "चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही, असं होतं का?" नाही. "जळका वास?" नाही. "रिव्हर्स टाकताना करकर?" हो, थोडी. "पेडल सोडलं की लगेच वर येतं का मागं राहतं?" अण्णा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "मागं राहतं, आणि मग एकदम येतं." दोन महिन्यांत अण्णांना कोणी पहिल्यांदाच साक्षीदार म्हणून विचारत होते, तोवर ते केवळ आरोपी होते.

हे प्रश्न का विचारायचे, ते त्याने मला खड्ड्याच्या काठावर बसून सांगितले, आणि ते सर्वांनी ऐकण्यासारखे आहे. इंजिनाच्या टोकाला एक जड चाक असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. इंजिन चालू असेतोवर ते फिरतच राहते. त्याच्यासमोर असते प्रेशर प्लेट. या दोहोंच्या मध्ये, दोन तव्यांत भाकरी दाबून धरावी तशी, क्लच प्लेट दाबून धरलेली असते. ती धरलेली असली की इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून चाकांना पोचते. आपण पेडल दाबले की केबल ओढली जाते, ती एका दांडीला ओढते, दांडी बेअरिंगला पुढे ढकलते, बेअरिंग स्प्रिंगच्या पाकळ्या दाबते आणि पकड सुटते. पेडल सोडले की स्प्रिंग पुन्हा प्लेट धरते. मौज अशी की इंग्रजीत या शब्दाचा अर्थ घट्ट पकडणे, आणि आपण पेडल दाबतो ते पकड सोडवण्यासाठी. दाबले की सुटते, सोडले की धरते. मराठीत याला सुटसुटीत शब्द रूढ झाला नाही याचे मला आता आश्चर्य वाटत नाही.

या साखळीतला कोणता दुवा बिघडला ते लक्षणांवरून कळते. इंजिन ओरडते, गाडी वेग घेत नाही आणि जळका वास येतो, म्हणजे प्लेट घसरते आहे. ती झिजली असेल, किंवा इंजिनाच्या टोकाच्या सीलमधून गळणारे तेल तिला लागले असेल. गिअर करकरतो, विशेषतः रिव्हर्स, म्हणजे पेडल दाबूनही पकड पुरती सुटत नाही. पेडल दाबल्यावर घरघर येते आणि सोडल्यावर थांबते, म्हणजे बेअरिंग आजारी. उलट, पेडल दाबल्यावर जी घरघर थांबते तिचा संशय गिअरबॉक्सवर घ्यावा. पेडल नुसते जड होते, म्हणजे एक तर केबल, नाही तर झिजलेली प्लेट. कारण प्लेट झिजत जाते तशा स्प्रिंगच्या पाकळ्यांचा कोन बदलतो आणि पेडलला जोर जास्त लागतो.

दुखणी तीच जुनी आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोटारींत कातडे लावलेला शंकूच्या आकाराचा क्लच असे. त्याला तेल लागून तो घसरू लागला म्हणजे चालक मुलतानी माती भुरभुरत, म्हणजे ती तेल शोषून घेई. आपल्याकडे जी माती तोंडाला लावतात ती तिकडे क्लचला लागत होती.

"आता बघू काका खरं बोलतात का गाडी," असे म्हणून मिस्त्री आत बसला. त्याने हँडब्रेक ओढला, इंजिन सुरू केले, तिसरा गिअर टाकला आणि पेडल हळूहळू सोडले. इंजिन गुरगुरले आणि बंद पडले. तो खूश झाला. मी चकित झालो. आमच्या घरी इंजिन बंद पडणे हा गुन्हा मानला जात होता. "बंद पडलंच पाहिजे सर," तो म्हणाला. "प्लेट घसरत असती तर चालू राहिलं असतं. पकड चांगली आहे." ही परीक्षा घरीही करता येते, मात्र मोकळ्या जागी, गाडीसमोर कोणी नसताना आणि एकदाच, वारंवार केली तर चांगली प्लेटही जळायची.

नंतर त्याने झाकण उघडून गिअरबॉक्सच्या दांडीपाशी केबलचे टोक सोडवले. दांडी हाताने हलवली. ती मोकळी हलली. मग नुसती केबल हाताने ओढून पाहिली. ती वीतभर येऊन अडली. थोडा जोर लावला तेव्हा खरखरत पुढे आली. सोडली तर तिथेच राहिली. त्याने अण्णांना बोलावले आणि केबल त्यांच्या हातात दिली. "काका, ओढा." अण्णांनी ओढली. तिच्या टोकाशी पाच-सहा तारा तुटून उभ्या राहिल्या होत्या आणि आतले आवरण गंजाने तांबडे झाले होते.

खटला तिथेच संपला. पेडल जड होते ते केबल आवरणात घासत होती म्हणून. पकड पुरती सुटत नव्हती, म्हणून रिव्हर्स करकरत होता. आणि पेडल सोडले की केबल आधी अडे आणि मग एकदम सुटे, त्याबरोबर पकड झटक्याने बसे आणि गाडी उडी मारून बंद पडे. अण्णांचा पाय थरथरत होता हे खरेच होते. घासणारी केबल शेकडो वेळा दाबून तो थरथरणार नाही तर काय करणार? मिस्त्री म्हणाला, "पाय चांगलाय काका तुमचा. ही केबल मला हिंजवडीच्या ट्रॅफिकमधी दाबाय लावली असती तर मीबी लंगडलो असतो." आपल्याकडे 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' अशी एक म्हण आहे. मी ती वर्गात कितीतरी वर्षे शिकवत आलो आहे, पण तिचे इतके चपखल उदाहरण यापूर्वी मला मिळाले नव्हते.

नवी केबल बसवायला पाऊण तास लागला. दांडीच्या सांध्याला ग्रीस लावले. मग टोकाची नट फिरवून मिस्त्रीने पेडलची मोकळी चाल जुळवली. पेडल दाबताना सुरुवातीचे बोटभर अंतर ते रिकामे गेले पाहिजे आणि मग जोर लागला पाहिजे. ही चाल अजिबात ठेवली नाही तर बेअरिंग सतत घासत राहते आणि प्लेटची पकड ढिली पडते. फार ठेवली तर पकड सुटत नाही. नाती जपणाऱ्या माणसांना हे हिशेब वेगळे शिकवावे लागत नाहीत. प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होत जाते, म्हणून अधूनमधून तपासत राहावी असे त्याने बजावले. प्लेट कधीतरी जाईल हेही त्याने लपवले नाही. त्या वेळी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि खरी मेहनत त्यातच असते. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग ही तिन्ही एकदमच बदलावीत, फ्लायव्हील आणि सील पाहून घ्यावे, आणि आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या प्लेटांच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असे आणि ते छातीला वाईट. तोवर गाडी उभी असताना गिअर काढून ठेवायचा, पेडलवर पाय टेकवून बसायचे नाही आणि चढावर अर्ध्या क्लचवर गाडी लोंबकळत ठेवायची नाही. हँडब्रेक त्यासाठीच दिला आहे. त्याने सांगितलेली एकूण मजुरी त्या शहरी आकड्याच्या शेपटातल्या शून्याएवढी होती.

आता कोणी म्हणेल, म्हणजे म्हाताऱ्यांनी खुशाल मोटारी हाकाव्यात काय? तसे मी म्हणत नाही. वय ही खोटी गोष्ट नाही. पण वयाचीही परीक्षाच घ्यावी, त्याच्यावर नुसता संशय घेऊ नये. कायदासुद्धा हेच करतो. चाळिशीनंतर परवाना नवा करताना डॉक्टरचा दाखला मागतो आणि पंचावन्ननंतर तो ५-५ वर्षांचाच देतो. पण ७६ आकडा पाहून किल्ली काढून घेत नाही. त्याच आठवड्यात अण्णा आपण होऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. दृष्टी ठीक निघाली, परंतु समोरच्या दिव्यांचा झोत डोळ्यांना सोसत नाही असे आढळले. घरी येऊन त्यांनी जाहीर केले, "दिवे लागल्यावर मी गाडी चालवणार नाही." हा निर्णय त्यांनी स्वतः घेतला, आणि ताईनेही तो ठाण्याहून मंजूर केला. फरक एवढाच की घासणारी केबल बदलता येते आणि डोळे बदलता येत नाहीत. कोणती गोष्ट कोणत्या खात्यातली, हे आधी तपासावे लागते.

नव्या सत्राला वर्गात शिरलो तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा दिसला. 'ढ' म्हणून खोलीभर प्रसिद्ध. निबंध लिहायला सांगितला की चार ओळींनंतर त्याचे इंजिन बंद पडते. त्या दिवशी मी त्याला तास संपल्यावर थांबवून विचारले, "नेमकं कुठं अडतं?" त्याने सांगितले. ते येथे लिहीत नाही, कारण ते त्याचे आहे. पण ते डोक्यातले नव्हते, एवढे मात्र नक्की.

पुढच्या एकादशीला सकाळी अण्णांनी किल्ली खिळ्यावरून काढली. आई नेहमीसारखी वेळेआधीच जाऊन गाडीत बसली होती. मी फाटक उघडून उभा राहिलो. रिव्हर्स पडला, करकर आली नाही. गाडी हळूच मागे आली, वळली, आणि मारुंजीच्या दिशेने एकही गचका न देता चढावर लागली. मागची सारी बैठक रिकामी होती.